दोन पेट्या मध आणि भाताची शितं

ते प्रकरण विसरलो असं मी म्हटलं, तरी मुंग्या विसरू देत नाहीत. घरात साखरेच्या डब्याभोवती मुंग्यांची रांग दिसली की बायको फडकं शोधते आणि मला आमच्या ठाण्यातली मुद्देमालाची खोली आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलात आठ-आठ दिवस गस्त घातली. ते सगळं सांगून झालं आहे. हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण यात माझी फारशी शोभा नाही.

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला असलेल्या एका लहान ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मी मूळचा आरमोरीकडचा, त्यामुळे मुलूख परका नव्हता. त्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. मुद्देमाल कारकून, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू सांभाळायचं काम त्यांच्याकडे. गोंडपिपरीच्या. वडील टपाल खात्यात होते, पार्सलं बांधण्यात आणि त्यांवर कागद चिकटवण्यात त्यांचा जन्म गेला. ती विद्या बाईंनी उचललेली. मी त्यांना 'बाई' म्हणायचो, त्या मला 'सर'. आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगून टाकतो: मला त्या डोळ्यांत खुपायच्या.

कारण सांगतो. त्या येण्याआधी आमच्याकडे जप्त वस्तूंवरची लेबलं टिकत नसत. लेबल म्हणजे गुन्ह्याचा नंबर, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या असलेला कागद. तो वस्तूवर नसेल तर कोर्टात ती वस्तू कुठल्या गुन्ह्यातली हे सांगता येत नाही. एका मारहाणीच्या केसमध्ये मी साक्षीला उभा होतो. समोर टेबलावर दोन कुऱ्हाडी, दोन्हींचे कागद गळून पडलेले. आरोपीचा वकील मला विचारतो, "ठाणेदार साहेब, यातली तुमची कोणती?" मी उजवीकडची म्हणालो. वकील हसला, कोर्ट हसलं आणि आरोपी सुटला.

बाई आल्या आणि दोन महिन्यांत त्या खोलीचं रूप बदललं. वस्तू आधी कोरड्या फडक्यानं पुसायची, मग स्पिरिटच्या बोळ्यानं, म्हणजे तेलाचा नि बोटांचा ओशटपणा जातो. लेबलाचे चारही कोपरे कात्रीनं गोल करायचे, कारण कागद सुटतो तो कोपऱ्यापासून. डिंक पातळ लावायचा, जरा दम धरायचा, बोटाला चिकट लागला की मगच कागद टेकवायचा. मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. गोल वस्तू असेल तर कागदाचं टोक कागदावरच येऊ द्यायचं. आणि दमट सकाळी लेबल लावायचंच नाही, दुपारची वेळ बघायची. मी हे सगळं दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, कागद चिकटवायला एवढा सोहळा कशाला?

मग वार्षिक तपासणीला पोलीस अधीक्षक साहेब आले. त्यांनी एका डब्यावरच्या लेबलाचा कोपरा नखानं ओढून पाहिला. निघाला नाही. दुसरा पाहिला, तोही नाही. "हे कोणी केलं?" बाई पुढे होऊन म्हणाल्या, "मी, सर." साहेब माझ्याकडे वळले आणि सगळ्या स्टाफपुढे म्हणाले, "ठाणेदार, यांच्याकडून शिकून घ्या." माझी सव्वीस वर्षं नोकरी झालेली, बाईंची सात. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी बाईंची कुठलीही गोष्ट शिकायची नाही असं ठरवलं, आणि पाळलंही.

असा मी, आणि त्यात ते पाकीट आलं.

श्रावणातले दिवस. टपालात एक बिननावाचं पाकीट होतं. फोडताना वाळलेल्या भाताचं एक शीत टेबलावर पडलं. आमच्या झाडीपट्टीत घरोघरी भात, त्यामुळे पाकीट असो की पोराची फाटलेली वही, भाताची चार शितं चिरडून चिकटवायची ही जुनी रीत. मी शीत फुंकर मारून उडवलं. आत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं की अमक्या गावातली बचत गटाची अध्यक्षा मधाच्या बाटल्यांत गुळाचा पाक भरून विकते, उद्या सकाळी माल नागपूरच्या प्रदर्शनात जाणार आहे, कोठारातल्या मागच्या दोन पेट्या पाहा.

तो गट मला माहीत होता. तेरा बायांचा गट, जंगलातला मध गाळून बाटल्यांत भरायच्या. अध्यक्षा म्हणजे एका घरातली धाकटी सून, बारावी शिकलेली. महिनाभरापूर्वीच तिचा पेपरात फोटो आला होता, हातात बाटली घेऊन. आधी या गटाच्या बाटल्यांची लेबलं वाटेतच गळायची आणि दुकानदार माल परत पाठवायचे. हिनं त्यावर उपाय काढला आणि माल चालायला लागला, असं त्या बातमीत होतं. बाईंनी ती बातमी कापून मुद्देमालाच्या खोलीत लावली होती. तेही माझ्या डोळ्यांत खुपलं होतं.

भेसळ हा खरं तर अन्न व औषध प्रशासनाचा विषय. मी त्यांना फोन केला. अधिकारी म्हणाले, उद्या दुपारी येतो. पण माल तर सकाळीच जाणार. मी थांबलो नाही. दोन पंच घेतले, बाईंना जीपमध्ये बसवलं आणि निघालो.

दोन भावांची घरं एका अंगणात. अंगणाच्या टोकाला गटाचं कोठार. एक चावी धाकटीकडे, एक तिच्या मोठ्या जावेकडे. कोठार उघडलं. पुढच्या पेट्यांत चांगला मध. मागच्या दोन पेट्यांतली बाटली उघडून मी बोट बुडवलं, तर निव्वळ गूळ. बाटलीवर गटाचं छापील लेबल, खरं, त्यांचंच.

धाकटी पांढरी पडली. पण रडली नाही. बाटली हातात न घेताच वाकून पाहिली आणि म्हणाली, "सायेब, हे लेबल माह्या हातचं नाई."

"सगळे असंच म्हणतात."

"नाई जी, पाहा ना तुमी. कोपरे पाहा. मी असं लावतच नाई."

बाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, ती खरं बोलते असं वाटतं. हे लेबल न पुसता लावलंय."

बस्स. बाई म्हणाल्या, म्हणूनच मला ते खोटं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा."

त्यांचं काम म्हणजे जप्त बाटल्यांवर पंचांच्या सह्यांची लेबलं लावायची. बाईंनी पिशवीतून डिंकाची बाटली, फडकं, स्पिरिट काढायला सुरुवात केली. दोन्ही पंच कौतुकानं बघायला लागले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "राहू द्या तुमचं पोस्टाचं दुकान," मी म्हणालो. दारात मोठी जाऊ उभी होती. पन्नाशीची, काळीसावळी, हातावर मधमाश्यांच्या डंखांचे जुने डाग. मी तिला म्हणालो, "बाई, भाताची चार शितं द्या बरं."

ती लगबगीनं आत गेली. तळहातावर शितं घेऊन आली आणि अंगठ्यानं चांगली मळून दिली. कमरेला तंबाखूची डबी होती, त्यातला नखभर चुना त्यात मिसळला. "चुना घातला का बुरशी नाई धरत, सायेब," ती म्हणाली. मी खूश झालो. बाईंकडे बघून म्हणालो, "बघा, याला म्हणतात अनुभव." नमुन्याच्या चार बाटल्यांवर लेबलं मी स्वतःच्या हातानं लावली. बाटल्या पुसल्या नाहीत. बाहेर पावसाची झड होती. झाकणावर दोरा बांधून लाखेचं सील तेवढं केलं.

धाकटीवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. नोटीस देऊन तिला ठाण्यात बोलावलं, दोन दिवस. तिच्यासोबत नवरा यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. नागपूरचा माल थांबला. दुसऱ्या दिवशी प्रशासनाचे अधिकारी नमुने घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, पोलिसांचा गुन्हा असा उभा राहिला तर गटाचा परवाना काही राहत नाही. म्हणजे धाकटी कोर्टात फसवणारी म्हणून उभी राहणार आणि तेरा घरांचं काम बंद.

मी विचारायचो, "पाक कुठे शिजवला? किती दिवसांपासून चालू आहे?"

तिचं उत्तर एकच. "सायेब, मले एक बाटली देऊन पाहा, एक लेबल देऊन पाहा. लावून दाखोतो. माह्या हातचं लेबल निघते का पाहा. मंग मले जेलात टाका."

"इथे लेबलाची शाळा नाही भरवलेली."

"मंग कायची भरोली हाय? दोन दिस झाले, तुमी माह्यी एक गोष्ट ऐकून नाई राह्यले."

बाई कोपऱ्यात बसून जबाब लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं. मी ते पाहिलं आणि अजूनच चिडलो. दोघी मिळून मला शहाणपण शिकवतात असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. "सर, जरा मुद्देमालाच्या खोलीत येता का?"

गेलो. फळीवर चार बाटल्या उभ्या. दोन बाटल्यांवरची माझी लेबलं, पंचांच्या सह्यांसकट, खाली पडलेली.  दोन कुऱ्हाडी डोळ्यांसमोर आल्या. आणि पुढच्याच क्षणी मी ओरडलो, "तुम्ही काढली! मला खाली बघायला लावायचं म्हणून तुम्ही काढली!"

आवाज बाहेर गेला असणार. बाई शांत उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "सर, मुंग्या पाहा."

भिंतीच्या भेगेतून मुंग्यांची रांग निघाली होती आणि फळीवर चढली होती. बाटल्यांच्या झाकणांकडे एकही मुंगी जात नव्हती, लाखेनं तोंड बंद होतं. त्या जात होत्या कागदाखाली. बाटल्या पाकानं चिकट, त्यावर मी तसाच कागद डकवलेला, त्यात दमट हवा. बाकी दोन लेबलांचे कोपरेही उचकटले होते. पण बाईंना मला दाखवायचं होतं ते वेगळंच. बाटलीच्या दुसऱ्या अंगाला गटाचं छापील लेबल होतं आणि मुंग्या त्याच्याखालीही शिरत होत्या. तेही कोपऱ्यातून सुटलं होतं. शेजारी धाकटीच्या चांगल्या मधाच्या दोन बाटल्या होत्या, तुलनेसाठी आणलेल्या. त्यांवरचे कागद काचेला असे धरून बसले होते की बोट फिरवलं तर कड लागत नव्हती.

"सर, तिची लेबलं धावड्याच्या डिंकाची आहेत," बाई म्हणाल्या. "जंगलातला डिंक, त्यात चिमूटभर तुरटी. परवा जबाबात तिनं सांगितलं होतं. आणि या पाकाच्या बाटल्यांवरची भातानं लावलेली आहेत. सुटलेल्या कोपऱ्याखाली पाहा, शितं दिसतात."

"भात काय, सगळा जिल्हाच खातो."

"खातो. पण त्यात पांढरं काहीतरी आहे. मला चुना वाटतो. पंच बोलवा, सर. त्यांच्यासमोर हळद लावून बघू. मी एकटी हात लावणार नाही."

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुठल्याही घरात माहीत असतं. मला मात्र तोवर सुचलं नव्हतं. पंच आले. मेसमधून हळद आली. बाईंनी ती पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्यावर घेतली. आधी माझ्या गळलेल्या लेबलाची पाठ, जिच्या शितांत मोठ्या जावेनं माझ्यासमोर चुना मिसळला होता. लाल. मग पाकाच्या बाटलीवरचं गटाचं लेबल. लाल. धाकटीच्या चांगल्या बाटलीवरचं पिवळं ते पिवळंच. मेसमधला साधा भात चिरडून पाहिला, तोही पिवळा. मग बाई म्हणाल्या, "सर, फायलीतलं ते पाकीट." पाकिटाच्या कडेला वाळलेली शितं अजून होती. बोळा टेकवला, आणि तीही लाल.

 ज्या हातानं बिननावाचं पत्र चिकटवलं त्याच हातानं पाकाच्या बाटल्यांवर लेबलं लावली होती. आणि तो हात कुणाचा, हे मी भर अंगणात शितं मागून स्वतःच पाहून घेतलं होतं.

मला काय वाटलं ते लिहितो. एक निरपराध बाई सुटणार याचा आनंद आधी व्हायला हवा होता. तो नंतर झाला. आधी वाटलं, हे या बाईंना का दिसलं, मला का नाही? पोटात अक्षरशः दुखलं. मी पंचनामा लिहायला सांगितला आणि बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

तरी पुरावा पुरेसा नव्हता. शितांचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना केले, पण अहवाल यायला वेळ लागणार होता. मोठ्या जावेच्या घरी जाऊन विचारपूस करायची ठरली. बाईमाणूस, म्हणून बाई सोबत. त्या दारात पायरीवर वही घेऊन बसल्या, मी आत खाटेवर. थोरली जमिनीवर बसली, पदर डोक्यावर, ओठाखाली तंबाखू.

"बाई, तुमच्याकडे कोठाराची एक चावी आहे."

"हाय ना. मंग?"

"पाकाच्या बाटल्यांची लेबलं भातानं चिकटवलीत. भातात चुना आहे."

"अगा बाप्पा! चुना तं सारेच खातेत, सायेब. तुमचे शिपाई नाई खात का?"

बरोबर होतं तिचं.   तिच्या हातांवरचे डंखांचे डाग मी पाहत होतो. भिंतीवर पेपरात आलेला धाकटीचा फोटो लावलेला होता, काचेच्या चौकटीत. या घरात, थोरलीच्या घरात. तो कोणी लावला विचारलं तर म्हणाली, "माह्या पोरानं. मोठी काकू पेपरात आली म्हणे." मोठी काकू! थोरलीचा पोरगा धाकट्या काकूलाच आता मोठी म्हणत होता.

तेव्हा मला तिचं सगळं कळलं. हुशारीनं नव्हे, त्याच दुखण्यानं मीही आजारी होतो म्हणून.

मी दाराकडे बोट केलं. म्हणालो, "बाई, त्या पायरीवर बसल्यात ना, त्या मला सहन होत नाहीत."

थोरलीनं वर पाहिलं. पायरीवरचं पेन थांबलं.

"मी सव्वीस वर्षं राबलो," मी म्हणालो. "पायाला जळवा लागल्या, मलेरिया झाला, पोरीच्या लग्नातही निम्मा वेळ ड्यूटीवर. आणि कौतुक कुणाचं? यांचं. का, तर यांनी कागद चिकटवले! मोठे साहेब सगळ्यांपुढे म्हणाले, यांच्याकडून शिका. मी शिकलो नाही. त्या दिवशी तुमच्याकडून शितं मागितली ती डिंक नव्हता म्हणून नाही. डिंक होता, यांच्या पिशवीत. यांचा होता म्हणून नको होता."

 थोरलीनं तोंडातली तंबाखू काढून बाहेर टाकली, परत येऊन बसली आणि बोलायला लागली ते थांबेचना.

"मोहोळाचा धूर म्या खाल्ला, सायेब. आग्या मोहोळाले हात म्या घातला. ही इथी लगन होऊन आली नोती तवापासून. कोणत्या झाडावर कोणत्या महिन्यात मध भरते, हे हिले मीनंच सांगतलं. बाया म्या जमवल्या. दारोदार म्या फिरली. आन् हिनं काय केलं? कागद चिकटवला! कागद! आन् पेपरात फोटो हिचा. लोकं येतेत तं हिलेच पुसतेत, अध्यक्षा कुठी हाय? माह्या नावाचा कागद कुठी हाय, सांगा ना मले. एका तरी बाटलीवर हाय का?"

"म्हणून पाक भरला?"

"तिचं नाव खराब कराचं होतं. तिचंच. गटाचं नाई." ती थांबली. "आता कळते का गटाचंबी झालं असतं. तवा नाई कळलं. तवा डोस्क्यात तिच्याबिगर काईच नोतं."

मी विचारलं, "लेबल तरी तिच्यासारखं का नाही लावलंत? कुणालाच कळलं नसतं."

"कसं लावू? ती बायांले शिकवाले बसली तवा मी उठून गेली. अकराच्या अकरा शिकल्या. मी नाई शिकली. कालची पोरगी मले शिकवणार का?"

मी मान खाली घातली. शिकली असती तर कदाचित मनातला राग गेला असता. आणि गेला नसता, तरी निदान पकडली गेली नसती. मला हसू आलं, आणि ते माझ्यावरचं होतं.

उठून तिनं धानाची ढोली, म्हणजे बांबूची मोठी कणगी, दाखवली. पंचांसमोर ढोलीतून उरलेली छापील लेबलं आणि पाकाचं गंज, म्हणजे शिजवायचं पातेलं, निघालं. अंगणात धाकटी उभी होती.  ती थोरलीला एवढंच म्हणाली, "बाई, मले सांगतलं असतं तं मी काय नाई म्हणलं असतं?" थोरली पदर तोंडात कोंबून रडली.

परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "सर, युक्ती भारी केलीत. मला आधी वाटलं, खरंच बोलताय. तिला बोलतं करायला स्वतःवर घेतलंत."

तिथे खरं सांगायची वेळ होती. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "हो. अनुभव असतो."

पुढचं थोडक्यात. धाकटीवरचा गुन्हा बंद करण्याचा अहवाल कोर्टात गेला आणि मंजूर झाला. गटाचा परवाना वाचला. थोरलीनं सगळं कबूल केलं, खोटी माहिती दिल्याबद्दल तिला दंड झाला. अधीक्षक कार्यालयातून फोन आला, तपास चांगला झाला आहे, उकल कशी झाली याचा सविस्तर अहवाल पाठवा, बक्षिसासाठी विचार करू.

अहवाल लिहायला बसलो त्याच दुपारी धाकटी ठाण्यात आली. मधाची एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली. नवी लेबलं छापून आणली होती. गटाचं नाव वर, त्याखाली बारीक अक्षरांत 'मध काढणाऱ्या' असं लिहून थोरलीचं पूर्ण नाव. कोपरे गोल, कागद काचेला बसलेला.

"तिनं तुम्हाला तुरुंगात घालायचं ठरवलं होतं," मी म्हणालो.

"हो जी. पण मध तं तिचाच होता ना. ते आधीच लिवाले पायजे होतं. मले सुचलंच नाई. फोटो काढून राह्यली होती ना मी."

ती गेली. बाटली टेबलावर, समोर अर्धा लिहिलेला अहवाल. 'माझ्या निदर्शनास आले की', 'मी हळदीच्या साहाय्याने खात्री केली', 'मी कौशल्याने विचारपूस केली'. हवालदार बाईंचा उल्लेख एकदाच, 'सोबत महिला अंमलदार'. बाटलीवरचं ते नाव मी दोनदा वाचलं. तरी अहवालाखाली सही केली. मोठे साहेब पुन्हा कधी त्यांच्याकडे बघून 'यांच्याकडून शिका' म्हणाले असते, तर ते मला सोसलं नसतं. प्रशंसापत्र आलं, माझ्या नावाचं. बाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

लोक विचारतात, पोलिसाच्या नोकरीत माणसांबद्दल काय शिकलात? पैशापायी गुन्हा करणारा माणूस कुठेतरी थांबतो, त्याला हिशेब कळतो. हेव्यानं पेटलेल्याला कळत नाही, तो स्वतःचं घर जाळूनही दुसऱ्याच्या दारातला दिवा विझवायला निघतो. थोरलीला मी हे सुनावू शकलो असतो. पण ती तेव्हा निदान रडली होती.

निवृत्तीनंतर एका कागदाच्या नकलेसाठी मी त्या ठाण्यात गेलो होतो. बाईंची केव्हाच बदली झाली आहे. नवीन कारकुनानं अभिलेखाच्या खोलीत नेलं आणि फायली शोधायला लागला. फळीवर ती फाइल दिसली. वरचं लेबल बाईंच्या अक्षरात. गुन्ह्याचा नंबर, कलमं, आणि त्याखाली ठळक, 'उकल करणारे अधिकारी', पुढे माझं नाव. अहवालाची नक्कल त्यांनीच या फायलीत लावली होती, म्हणजे शब्द न शब्द वाचला होता. ते वाचून त्यांनी हा कागद लिहिला, कोपरे गोल कापले आणि मधून कडेकडे दाबत नीट बसवला. आजूबाजूच्या फायलींची लेबलं पिवळी पडून गळली होती.

अशा लेखात कुणाचं नाव लिहायचं नाही हा रिवाज मी इथे पाळला आहे. त्या अहवालात मात्र असा कुठलाही रिवाज नव्हता. मी तिथेच बसून अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, हळद कोणी सुचवली, मुंग्या कोणी पाहिल्या, सगळं, बाईंच्या पूर्ण नावानिशी. अर्ज दिला, पोच घेतली. त्याचं पुढे काय होईल माहीत नाही. निघताना पुन्हा त्या फायलीपाशी गेलो आणि माझ्या नावाच्या लेबलाचा कोपरा नखानं ओढून पाहिला. निघाला नाही.